वजा पस्तीस

आमच्या घरातलं घड्याळ पस्तीस मिनिटं पुढे असे. बिघडलेलं नव्हतं हो, चांगलं ठणठणीत होतं. मुद्दाम पुढे ठेवलेलं होतं, आणि कोणासाठी ते रत्नागिरीत माळनाक्यापासून मारुती मंदिरापर्यंत कोणालाही विचारा. माझ्यासाठी. मी परशुराम, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. घड्याळ पुढे ठेवणारी ती उमा, माझी बायको. लग्नाला अडतीस वर्षं झाली. त्यातल्या एकाही वर्षी मी कुठेही वेळेवर पोचलो नाही. उगाच खोटं कशाला बोलू?

उमाचं माहेर गुहागरचं. तिचे वडील एसटी यायच्या अर्धा तास आधी थांब्यावर जाऊन उभे राहायचे, आणि एसटी वेळेवर आली तर एसटीवरच संशय घ्यायचे. त्यांचीच ही लेक. त्यातून नोकरी मिळाली ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंक कॉल जोडायची. तीन मिनिटं झाली की मध्येच बोलायचं, 'तीन मिनिटं झाली.' त्या तीन मिनिटांत लोक बारसं, परीक्षेचा निकाल, मयत, सगळं उरकायचे. मिनिट म्हणजे काय ते मी पाहिलंय, असं ती म्हणते. मी म्हणतो, मीही पाहिलंय, पण मला त्याचा त्रास होत नाही.

आमच्या लग्नाचा मुहूर्त अकरा वाजून बारा मिनिटांचा होता. वऱ्हाड घेऊन मी पोचलो अकरा पंचवीसला. वाटेत चहाला थांबलो, चहाबरोबर भजी आली, आणि गरम भजी टाकून उठणं मला कधी जमलेलं नाही. भटजींनी कुरकुरत पंचांग चाळलं आणि दुसरा मुहूर्त काढला. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरी लाजत बिजत नव्हती. माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

पंधरा दिवसांत भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलं. तिला वाटलं मला कळणार नाही. मला कळलं, मी पाच वजा करायला लागलो. मग तिनं दहा केली, मी दहा वजा केली. असं करत करत निशिगंधा, म्हणजे आमची मुलगी, शाळेत जायला लागेपर्यंत आम्ही पस्तिसावर पोचलो. तिथे उमा थांबली, कारण पाहुण्यांचे हाल व्हायला लागले. तिचे पुण्याचे मामेभाऊ एकदा हातातला घास टाकून एसटी स्टँडवर पळाले आणि तिथे पाऊण तास उपाशी बसले. ते अजून आमच्याकडे जेवत नाहीत.

शेजारीपाजारी मात्र सरावले. दारावर मासे घेऊन येणारी आवडाबाई कधी शाळेत गेलेली नाही. पण टोपली उतरवता उतरवता आत डोकावते आणि सांगते, वयनी, तुमच्यात साडेदहा, म्हंजे दहाला पाच कमी. हिशेब चोख. या सगळ्याचा माझ्यावर परिणाम शून्य. कुठे जायचं असलं की उमा साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन घड्याळाखालच्या खुर्चीत बसलेली असे, आणि मी टॉवेल शोधत असे. ती ओरडायची नाही. पर्सची चेन उघडायची, लावायची, उघडायची, लावायची. तो आवाज मला न्हाणीघरात ऐकू यायचा.

असा सगळा आनंद चाललेला असताना यंदा नात आमच्याकडे राहायला आली. ईशा, तिसरीत. जावई जहाजावर, निशिगंधाची मुंबईत नोकरी. एक वर्ष पोर आमच्याकडे राहू दे असं ठरलं. पोर गुणी आहे. फक्त रोज संध्याकाळी आईचा फोन येऊन गेला की अर्धा तास कोणाशी बोलत नाही. त्या अर्ध्या तासात मी तिच्याकडे बघत नाही, मला सहन होत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून निरोप आला. घड्याळाच्या चाचणीत ईशाला दहापैकी शून्य. दहा घड्याळांची चित्रं, खाली वेळ लिहायची, आणि दहाच्या दहा चुकलेली. गुरुवारी आम्ही शाळेत गेलो, अर्थातच दिलेल्या वेळेनंतर वीस मिनिटांनी. ऋजुताबाई म्हणून तिच्या वर्गशिक्षिका आहेत, तरुण, गोड बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, हल्ली काट्यांचं घड्याळ बघतं कोण? मोबाइलवर आकडे असतात, ते तिला वाचता येतात. तिला हे जड जात असेल तर आपण हा भाग सोडून देऊ.

मला ते मनापासून पटलं. काट्यांची घड्याळं जगातून गेली तर आनंदानं पेढे वाटणारा पहिला माणूस मी. पण उमानं पेपर ओढून घेतला, चष्मा लावला, आणि एकेक उत्तर बघत गेली. चित्रात तीन, ईशाचं उत्तर दोन पंचवीस. चित्रात सव्वानऊ, उत्तर आठ चाळीस. पाचव्या उत्तराला माझ्या लक्षात आलं. दहाच्या दहा उत्तरं बरोबर पस्तीस मिनिटांनी कमी होती. काटे बघायचे आणि पस्तीस वजा करायचे, घड्याळ असंच वाचतात असं पोरीला प्रामाणिकपणे वाटत होतं.

"जड कसलं जातंय?" उमा म्हणाली. "तुमची मुलं नुसती वाचतात. माझी नात वाचून वर वजाबाकी करते."

मग बाईंना सगळं सांगावं लागलं. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. हसून झाल्यावर त्यांनी सोमवारी पुन्हा चाचणी घेते म्हणून कबूल केलं, आणि नम्रपणे एवढंच म्हणाल्या की तेवढं घरचं घड्याळ बरोबर लावलंत तर बरं होईल. उमा तटकन म्हणाली की ते काही जमायचं नाही. पोरीला मी शिकवीन, पण घड्याळ हलणार नाही. येताना रस्ताभर ती मला ऐकवत होती की आकड्यांत नुसतं आत्ता किती वाजले ते कळतं, काट्यांत अजून किती उरलंय ते दिसतं. काटे वाचता येत नाहीत त्या पोराला उरलेली वेळ कशी दिसणार? मी होय होय म्हणत होतो. मनात मात्र एकच चाललं होतं. माझ्या उशिरापायी पोरीला शून्य मिळालं होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्याच संध्याकाळी निशिगंधाचा फोन आला. शनिवारी ऑफिसच्या कामाला मडगावला निघणार होती. परतताना गोव्यातून विमानानं मुंबई, म्हणजे रत्नागिरीला उतरणं नाही. गाडी आमच्या स्टेशनवर अकरा वीसला येते, पाच मिनिटं थांबते, तेवढ्यात भेटा म्हणाली. ईशाला आई दिसली नव्हती त्याला अडीच महिने झाले होते. पाच मिनिटं. ईशानं कॅलेंडरवर शनिवारभोवती गोल काढला आणि त्याला दोन काटे काढले.

आता इथून पुढे काय झालं ते नीट ऐका, कारण दोष कोणाचा यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

शुक्रवारी दुपारी मी झोपलेला असताना उमानं स्टुलावर चढून घड्याळ बरोबर लावलं. अडतीस वर्षांचा हट्ट सोडला तो नातीसाठी. मला सांगितलं नाही, कारण मी जिंकलो म्हणून आळीभर सांगत फिरलो असतो. खरंच फिरलो असतो. ईशाला मात्र कानात सांगितलं की आता वजा करायचं नाही, आणि आजोबांना बोलायचं नाही. मी आपला सवयीनं वजा करत राहिलो. संध्याकाळी कट्ट्यावर पोचलो तर सगळे उठून निघालेले. मला वाटलं, लोकांना हल्ली फार घाई असते.

शनिवारी ईशाची सकाळची शाळा. उमानं तिला वेळेवर पाठवलं आणि स्वयंपाकघरात ओले काजू सोलायला बसली, लेकीच्या डब्याला उसळ करायची होती. आठच्या सुमाराला मी उठलो आणि भिंतीसमोर उभा राहिलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. म्हटलं, अडतीस वर्षं या बाईनं आपल्यासाठी घड्याळ पुढे ढकललं. आता पोरीसाठी आपणच ते मागे आणू, आणि सोमवारी तिला दहापैकी दहा मिळाले की मग सांगू. स्टुलावर चढलो, मोठा काटा सात घरं मागे घेतला, उतरलो. मोबाइल उघडून खरे किती वाजलेत ते बघावं एवढं मला सुचलं नाही. कशाला सुचेल? आमचं घड्याळ पस्तीस पुढे असतं हे आवडाबाईलासुद्धा ठाऊक.

म्हणजे आता आमच्या घरचं घड्याळ जन्मात पहिल्यांदा पस्तीस मिनिटं मागे होतं, आणि जन्मात पहिल्यांदाच घरातली दोन्ही माणसं त्याच्यावर विश्वास ठेवून होती.

सकाळ काय सुखाची गेली म्हणून सांगू! उमा स्वयंपाकघरातून डोकावून घड्याळ बघे आणि म्हणे, आज हाताला उरक आहे. उसळ झाली, पोळ्या झाल्या, बाटलीत सोलकढी भरून झाली, आणि घड्याळात अजून दहासुद्धा नाहीत. मी दोनदा पेपर वाचला. ईशा शाळेतून आली तेव्हा घड्याळात दहा पाच झालेले. आज लवकर सोडलं वाटतं, असं म्हणून उमानं तिच्यापुढे दहीपोहे ठेवले. पावणेअकराला निघायचं ठरलं होतं. उमा कपडे बदलायला आत गेली तशी मी ईशाच्या कानात सांगितलं की आता घड्याळ बघून पस्तीस वजा करायचे नाहीत, आणि हे आजीला सांगायचं नाही. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. काहीतरी बोलणार होती, पण गप्प बसली. शब्द दिला होता ना आजीला.

उमा तयार होऊन खुर्चीत बसली, पर्स मांडीवर. मी निवांत दाढीला लागलो. उजवा गाल झाला, डावा राहिला होता. ईशा पोहे खाता खाता सोमवारच्या चाचणीसाठी घड्याळ वाचत होती, मोठ्यानं. लहान काटा दहा आणि अकराच्या मध्ये, मोठा सहावर. साडेदहा. मग चमचा थांबला.

"आजी, शाळा साडेदहाला सुटते," ती म्हणाली. "घड्याळात आत्ता साडेदहा झालेत. मग मी घरी केव्हाची कशी?"

मी वस्तरा हातात धरून बाहेर आलो. ईशा एकदा उमाकडे बघते, एकदा माझ्याकडे. शेवटी दोन्ही शब्द मोडून तिनं सांगून टाकलं की आजीनं काल पस्तीस काढले, आजोबांनी आज पस्तीस काढले, तेव्हा आता वजा नाही करायचे, मिळवायचे. उमानं पर्समधून मोबाइल काढला. अकरा वाजून पाच मिनिटं. गाडी अकरा वीसला, आणि स्टेशन रिक्षानं वीस मिनिटं.

मी अर्धी दाढी, अर्धा साबण अशा थाटात रिक्षात बसलो. रितेश म्हणून आमच्या आळीतला रिक्षावाला आहे, त्यानं आरशात मला बघून तोंड दाबून घेतलं, पण रिक्षा बाकी झकास हाणली. निशिगंधाचा फोन लागेना. बोगद्यात असणार. कुवारबाव मागे पडलं. मग मी उमाला हळूच म्हटलं की मला काय माहीत तू आधीच हलवलंस ते. तिनं डब्यावरचा हात काढला नाही.

"अडतीस वर्षांत पहिल्यांदा वेळेचं काही केलंत," ती म्हणाली, "आणि तेही जास्तच केलंत."

स्टेशनवर पोचलो तेव्हा अकरा तीस झाले होते. फलाट मोकळा. दोन कुत्री, एक झाडूवाला, आणि रूळ. गाडी येऊन पाच मिनिटं थांबून गेल्याला पाच मिनिटं झाली होती. ईशा फलाटाच्या टोकापर्यंत धावत गेली, मडगावच्या दिशेला बघून आली, आणि माझ्याशेजारी उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. उमा बाकावर बसली, डबा मांडीवर, आणि पदर डोळ्यांना लावला. स्वतःच्या लग्नातसुद्धा न रडलेली बाई. मला इतकं वाईट वाटलं की डावा गाल साबणानं चरचरत होता तेही कळेना.

तेवढ्यात भोंगा बोलायला लागला. मडगावला जाणारी गाडी आपल्या निर्धारित वेळेवर, अकरा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी येत आहे. निर्धारित वेळ? मी झाडूवाल्याला विचारलं, या गाडीची वेळ किती? तो माझ्या गालाकडे बघत म्हणाला, पावणेबारा, रोजचीच की.

गाडी आली, थांबली, आणि निशिगंधा दारातून उडी मारून उतरली. ईशा तिच्या कमरेला जी चिकटली ती चिकटलीच. पाचातलं पहिलं मिनिट तसंच गेलं. मग मी विचारलं की अगो, तू अकरा वीस का सांगितलंस? ती हसली. म्हणाली, पंचवीस मिनिटं आधीची सांगितली, बाबा यायचेत म्हटल्यावर तेवढी धरायलाच हवीत. खाण तशी माती. मी निमूट ऐकून घेतलं. पण उमाला ते लागलं. तिचा आवाज चढला.

"बाबांचं ठीक आहे. मला पण त्यात धरलंस? मी कधी उशीर केलाय गो?"

"रोज केलायस, आई," निशिगंधा म्हणाली. "तू कधी बाबांना टाकून पुढे गेलीस का?"

खरंच की. भावाच्या लग्नात अक्षता पडून गेल्यावर उमा पोचली होती, का, तर मी टॉवेल शोधत होतो. एकाही नाटकाचा पहिला अंक तिनं पाहिलेला नाही. गुहागरच्या त्या माणसाची लेक, पाऊण तास आधी तयार होणारी बाई, अडतीस वर्षं सगळीकडे उशिरा गेली, आणि लोकांनी दोघांना एकाच माळेत ओवलं. दार उघडून निघून जाणं तिला एकदाही जमलं नाही? जमलं असतं. तिनं केलं नाही. मला माझी लाज वाटली, अगदी फलाटावर, सगळ्यांदेखत.

उरलेली मिनिटं ईशानं खाल्ली. घड्याळ कोणी किती हलवलं, कोणाला काय माहीत नव्हतं, तिनं कसं ओळखलं, सगळं आईला बोटांनी काटे करून दाखवलं. निशिगंधा हसत होती आणि डोळे पुसत होती. डबा दिला. गाडी हलली तशी ती दारातून ओरडली, बाबा, डावी बाजू राहिली.

सोमवारी ईशाला दहापैकी दहा मिळाले. प्रत्येक उत्तराखाली तिनं बारीक अक्षरात 'आमचं घड्याळ असेल तर' म्हणून पस्तीस वजा केलेली वेळही लिहिली होती. ऋजुताबाईंनी त्याला गुण दिले नाहीत, पण तो पेपर त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतलाय.

घड्याळ आता बरोबर आहे. परवा मिरजोळ्याला लग्न होतं, बारा वीसचा मुहूर्त. दहा वाजता मी आंघोळ, दाढी, दोन्ही गाल, सगळं उरकून, चपला घालून, उमाची पर्स मांडीवर घेऊन घड्याळाखालच्या खुर्चीत बसलो. ती निऱ्या सावरत आतून आली. माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी पर्सची चेन उघडली आणि लावली.

"ईशा," तिनं हाक मारली, "या घड्याळाला कोणी हात लावलाय का बघ गो."